घोडा, भोंगा आणि भाडे

मुंबईत 'काळा घोडा' हे नाव ज्या चौकाचे आहे, त्या चौकात तो घोडा नाही. ज्या पुतळ्यावरून हे नाव पडले तो १९६५ पासून भायखळ्याला राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या शेजारी उभा आहे. पाठीवर स्वार आहे तो प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड. राजपुत्राच्या १८७५-७६ च्या हिंदुस्थान भेटीची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी जोसेफ बोह्म या शिल्पकाराकडून तो घडवून घेतला आणि १८७९ मध्ये तो फोर्टातल्या चौकात बसवला गेला. स्वातंत्र्यानंतर परक्या राजांचे पुतळे हलवण्याची वेळ आली तेव्हा हाही हलला. गंमत अशी की लोकांनी चौकाला नाव दिले होते ते घोड्याचे. स्वाराची दखल कोणी फारशी घेतलीच नव्हती. त्यामुळे राजा गेला तरी नाव टिकले. २०१७ मध्ये त्याच चौकात नवा काळा घोडा बसवण्यात आला, तो बिनस्वाराचा. लोकांच्या जुन्या निवडीवर अशी उशिरा का होईना, मोहोर उठली.

मूळ पुतळा आज जिथे आहे तिथून उत्तरेकडे निघाले की काळाचौकी, लालबाग, परळ असे गिरणगाव लागते. दक्षिणेकडे गेले की त्याचे नाव मागे ठेवून आलेला चौक. गेली काही वर्षे मी या दोन्ही भागांत वही घेऊन हिंडतो आहे. नगररचनाशास्त्राचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. जुने नियम, संस्थांच्या स्मरणिका आणि भेटतील ती माणसे एवढीच साधने. हिंडण्याला निमित्त झाले ते एका वाक्याचे. 'कलेमुळे वस्तीचे पुनरुज्जीवन होते' हे वाक्य हल्ली विकास प्रस्तावांत, बांधकाम व्यावसायिकांच्या चकचकीत माहितीपत्रकांत आणि परिसंवादांत सारखे भेटते. उदाहरण म्हणून काळा घोडा हटकून येतो. गिरणगावाचे नाव त्यात येत नाही. ते का येत नाही याचा शोध घेता घेता मी एका साध्या निष्कर्षाला आलो आहे. कला वस्तीला जगवते हे खरेच आहे; पण ती कोणाला जगवते, हे ती कोणाच्या जागेत आणि किती भाड्यात राहते यावर ठरते.

आधी काळा घोडा. नव्वदच्या दशकात ज्यांनी हा भाग पाहिला असेल त्यांना आठवेल : पुतळ्याच्या जागी वाहनतळ, कमानींखाली अंधार, दगडी इमारतींवर काजळी, आणि कचेऱ्या सुटल्या की शुकशुकाट. तरीही ही वस्ती मेलेली होती असे कोणी म्हणू नये. तिच्यात दीडशे वर्षांची बेगमी होती. डेव्हिड ससून ग्रंथालयाचे मूळ १८४७ च्या एका मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटमध्ये आहे. सरकारी टांकसाळ आणि गोदी यांतल्या यंत्रकामगारांनी स्वतःच्या वाचनासाठी, व्याख्यानांसाठी ती काढली होती. आजची देखणी इमारत १८७० ची. पलीकडे वॉटसन हॉटेल. तिथे ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे मुंबईने प्रथम पाहिली. रॅम्पार्ट रोवर बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात १९४९ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपने आपले प्रदर्शन भरवले. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे ही मंडळी तेव्हा काही कुणी बडी नव्हती. हुसेनांनी सिनेमाची होर्डिंगे रंगवली होती. आरांनी घरगड्याचे काम केले होते, मोटारी धुतल्या होत्या. १९५२ मध्ये सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून जहांगीर कलादालन उभे राहिले. १९९६ मध्ये कावसजी जहांगीर सभागृहात राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आले.

या सगळ्याची मोट बांधण्याचे काम त्याच सुमारास झाले. १९९५ मध्ये मुंबईला वारसा इमारतींची नियमावली लागू झाली आणि यादीतल्या इमारती पाडण्याला चाप बसला. १९९८ मध्ये काळा घोडा असोसिएशन स्थापन झाली आणि १९९९ मध्ये पहिला कला महोत्सव भरला. महोत्सवाची रीत सोपी आहे. दरवर्षी थंडी सरता सरता नऊ दिवस रस्ता, ग्रंथालयाची बाग, सभागृहे कलांसाठी खुली. प्रवेश फुकट. प्रायोजक आणि विक्रीचे गाळे यांतून पैसा उभा करायचा आणि खर्च वजा जाता उरेल तो परिसरातल्या वास्तू, पदपथ, दिवे यांच्या दुरुस्तीला लावायचा. पुनरुज्जीवनाच्या बाजारात ज्या गोष्टी फक्त बोलल्या जातात त्यातली ही एक प्रत्यक्ष घडलेली आहे. दर्शनी भाग स्वच्छ झाले, काजळीखालचा दगड दिसू लागला, मागच्या गल्ल्यांत चित्रदालने, उपाहारगृहे, कपड्यांची दुकाने आली. आज तिथे रविवारी सकाळी रेखाटनाच्या वह्या मांडीवर घेऊन बसलेली मुले दिसतात. जहांगीरच्या बाहेर पदपथावर आपली चित्रे टांगून उभे असलेले चित्रकार दिसतात. आत दालन मिळायला प्रतीक्षायादी वर्षानुवर्षांची, बाहेर पदपथ मात्र आजच्या आज.

हे इतके सुरळीत का झाले? मी या चौकातल्या इमारतींची मालकी कोणाकडे आहे याची एक यादी केली. वस्तुसंग्रहालय विश्वस्तांचे. कलादालन त्याच्याच आवारात. एल्फिन्स्टन महाविद्यालय सरकारी. ग्रंथालय त्याच्या सभासदांचे. विद्यापीठ, सभागृह, ज्यूंचे प्रार्थनामंदिर, सगळे सार्वजनिक वा धर्मादाय. उरलेल्या खासगी इमारतींत बहुतेक भाडेकरू जुने. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने त्यांची भाडी १९४० च्या पातळीला गोठवलेली. म्हणजे जागेचा भाव कितीही चढला तरी दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाला 'खाली करा' म्हणता येण्याजोगी स्थिती नव्हती. शिवाय रात्री इथे झोपणारी माणसेच मुळात कमी. कला आली म्हणून कोणाचे घर गेले असे झाले नाही, कारण घरेच फार नव्हती. काळा घोड्याच्या यशातला हा भाग परिसंवादांत सांगितला जात नाही. दुसऱ्या वस्तीला हा नमुना जसाच्या तसा लावताना मात्र नेमका तोच आडवा येतो.

जिथे जागा भाडेकराराची होती तिथे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. जहांगीरच्या मागच्या चिंचोळ्या पडवीत १९६४ पासून 'समोवार' होते. चहा आणि पराठ्यावर तासन् तास बसू देणारे उपाहारगृह. चित्रकार, नट, पत्रकार, प्रदर्शन बघून दमलेले पाहुणे, सगळे तिथे. किती चित्रांचे सौदे आणि किती नाटकांचे वाद त्या टेबलांवर झाले असतील याची नोंद कुणाकडे नाही. २०१५ मध्ये त्याला जागा सोडावी लागली. पुढच्याच वर्षी समोरचे 'ऱ्हिदम हाऊस' बंद झाले. त्याचे कारण वेगळे होते, संगीत विकण्याचा धंदाच बदलला होता; तेव्हा तो दोष भाड्याच्या माथी मारणे बरोबर नाही. पण महोत्सव दर वर्षी मोठा होत असताना, वर्षाचे उरलेले साडेतीनशे दिवस कलावंतांना फुकट टेकू देणारी जागा गेली, हे खरे.

हा प्रकार जगात इतरत्र अधिक क्रूरपणे घडून गेला आहे. लंडनच्या कामगार वस्त्यांत मध्यमवर्गीय शिरू लागले आणि मूळचे लोक बाहेर फेकले गेले, त्याला रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९६४ मध्ये 'जेंट्रिफिकेशन' हा शब्द दिला. मराठीत त्याला 'उच्चभ्रूकरण' म्हणतात. मला 'वस्ती महाग होणे' हेच बरे वाटते. न्यूयॉर्कच्या सोहो भागात कारखाने उठले, रिकाम्या माळ्यांवर चित्रकार-शिल्पकार चोरून राहू लागले, आणि १९७१ मध्ये शहराने नोंदणीकृत कलावंतांना तिथे राहण्याची कायदेशीर मुभा दिली. मग दालने आली, दुकाने आली, श्रीमंत आले. ज्यांच्या नावावर ही मुभा निघाली होती त्यांच्यातल्या बहुतेकांना ती जागा परवडेनाशी झाली. शॅरन झुकिन यांनी या सगळ्यावर 'लॉफ्ट लिव्हिंग' हे पुस्तक लिहिले, ते १९८२ साली. कलावंत हा जमीनमालकाचा बिनपगारी वाटाड्या ठरतो, असा त्या पुस्तकाचा माझ्या भाषेत गोषवारा सांगता येईल.

१९८२ हे साल मराठी वाचकाला दुसऱ्याच कारणासाठी पाठ आहे. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि तो रीतसर कधीच मागे घेतला गेला नाही. संपाचे अर्थकारण, राजकारण यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला इथे त्या वस्तीतल्या कलेच्या जागांबद्दल बोलायचे आहे.

गिरणगावात कला बाहेरून आणावी लागली नाही. ती बिऱ्हाडाबरोबर आली. कोकणातून आलेल्यांनी नमन, भजन, शक्ती-तुरा आणला. सातारा, सांगली, पुणे, कोल्हापूरकडच्यांनी तमाशा आणि पोवाडा. चाळीतली खोली दहा बाय बाराची. तीत एक कुटुंब किंवा, गावकीची खोली असेल तर, पाळीपाळीने झोपणारी वीस-पंचवीस माणसे. इतक्या लहान खोलीत पेटी-मृदंग वाजणे शक्य नाही, म्हणून ते बाहेर आले : गॅलरीत, जिन्याखाली, दोन चाळींमधल्या पटांगणात. त्या जागेचे भाडे कोणी मागत नव्हते. गिरणगावाच्या सगळ्या कलेचा पाया ही बिनभाड्याची जागा होती, असे माझे मत आहे.

त्या पायावर पुढचे मजले चढले. १९११ मध्ये ना. म. जोशींनी सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. तिचे परळचे दामोदर नाट्यगृह १९२२ पासून कामगारांचे नाटकघर झाले. कोकणातल्या एखाद्या गावचे मंडळ इथे नाटक किंवा शक्ती-तुऱ्याची बारी लावायचे, आसपासच्या गाववाल्यांना तिकिटे खपवायचे आणि जमलेला पैसा गावच्या शाळेला, देवळाला, रस्त्याला पाठवायचे. मुंबईत काम करणारा नट असा रात्री तोंडाला रंग लावून गावाकडे भिंत बांधत होता. काळा घोडा महोत्सवाने उरलेल्या पैशातून इमारती दुरुस्त केल्या याचे कौतुक आहेच. गिरणगाव ते कितीतरी दशके आधी करत होते, फक्त इमारती शेकडो मैलांवर होत्या.

लालबागला हनुमान थिएटर होते. चाळीसच्या दशकात सुरू झालेले हे तमाशाचे थिएटर पुढे मधुकर नेराळे यांनी चालवले. घाटावरून आलेले नामांकित फड तिथे उतरत. पगाराच्या तारखा आणि गिरण्यांच्या पाळ्या यांच्यावर खेळांचे गणित बसायचे. भोंगा हा गिरणीचा तसा थिएटरचाही. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले आणि कामगार मैदानापासून चाळींच्या पटांगणांपर्यंत लोकनाट्य आणि पोवाडे नेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात याच गळ्यांनी सभा तापवल्या. स्वतः गिरणीत राबलेल्या नारायण सुर्व्यांचा 'ऐसा गा मी ब्रह्म' १९६२ चा. आणि १९५३ च्या कायद्याने कामगार कल्याण मंडळ आले, त्याची केंद्रे वस्तीवस्तीत निघाली, कामगार नाट्यस्पर्धा सुरू झाल्या. खात्यातला जॉबर, साचेवाला, बदली कामगार स्पर्धेत उतरायचे. नाटक बसवायला केंद्राची खोली मिळायची, तीही नाममात्र दरात.

लालबागच्या राजाची गोष्टही या दृष्टीने पाहावी. १९३४ मध्ये तो प्रथम बसला तो नवसाचा. पेरू चाळीतला बाजार उठला होता आणि तिथल्या कोळ्यांनी, विक्रेत्यांनी बाजाराला कायमची जागा मिळू दे म्हणून गणपतीला बोलले होते. आज त्याच्यासमोर रांगेत उभे राहणारे लाखो लोक नाना गोष्टी मागतात. पहिली मागणी जागेची होती.

संपानंतर हे मजले वरून खाली कोसळत आले. पगार गेला तसा तिकीट काढणारा गेला. पुष्कळ कुटुंबे गावी परतली. फडांना लालबागला उतरणे परवडेना. नव्वदच्या दशकात हनुमान थिएटरचे तमाशे बंद झाले. गिरण्यांच्या जमिनीचा प्रश्न पुढे आला. ही जमीन सुमारे ६०० एकर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या कलमाने तिची ढोबळ वाटणी ठरवली : एक तृतीयांश शहराला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या समितीने या जमिनींचा एकत्रित आराखडा सुचवला. त्यात मैदाने, चौक, सार्वजनिक जागा होत्या. तो कागदावर राहिला. २००१ मध्ये कलमात दुरुस्ती झाली आणि वाटणी लागू झाली ती गिरणीच्या आवारातल्या मुळात मोकळ्या असलेल्या जागेपुरतीच. बांधकामाखालची जमीन वगळली गेली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. शहराच्या वाट्याला तुकडे आले. कामगारांच्या घरांची सोडत २०१२ पासून निघू लागली. अर्ज लाखाच्या वर आणि घरे थोडी. अलीकडे तर शेलू-वांगणीकडे घरे देण्याची भाषा झाली आणि कामगारांनी तिला विरोध केला. जिथे घरच वांगणीला, तिथे परळच्या तालमीला कोण येणार?

आणि कला आली ती या सगळ्यानंतर. जुन्या गिरण्यांच्या आवारांत स्टुडिओ, जाहिरात कंपन्या, चित्रदालने, उपाहारगृहे उघडली. विटांच्या भिंती आणि करवतीदाती छपरे 'वातावरण' म्हणून राखली गेली. कोणी चित्रकाराने इथल्या कामगाराला हुसकले असे म्हणणे अन्यायाचे होईल. इथे क्रम सोहोच्या उलटा होता. आधी नियमाने माणूस हलवला, मग रिकाम्या जागेला शोभा म्हणून कला बोलावली. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक २-३ च्या आवारात वस्त्रोद्योगाचे संग्रहालय होणार म्हणून आपण वर्षानुवर्षे ऐकतो आहोत. ते जरूर व्हावे. पण साचा चालवणारे हात अजून आसपासच्या चाळींत थरथरत असताना, त्यांना दाखवायला, सांगायला बोलावले जाणार आहे की नाही हे मला कोणत्याही आराखड्यात वाचायला मिळालेले नाही. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी २००४ मध्ये गिरणगावच्या शंभर माणसांचे आवाज पुस्तकात आणले. त्यातले कितीतरी आवाज आता नाहीत.

अर्थात चाळीच्या आठवणीने गहिवरणारा लेख मला लिहायचा नाही. सार्वजनिक संडासासमोरची रांग, पहाटेचे पाणी, गळकी छपरे यांत कोणतीही कला नव्हती. आणि पेटी-मृदंगाला पटांगण मोकळे होते ते मुख्यतः पुरुषांना. खानावळ चालवणाऱ्या बाया वीस-वीस माणसांच्या भाकऱ्या थापत तो सूर आतून ऐकत. एका आजींना मी चाळीबद्दल विचारले तेव्हा त्यांनी नव्या घरातल्या स्वयंपाकघराच्या नळाकडे बोट दाखवले आणि म्हणाल्या, ''ह्ये बघा आणि मग काय ते लिवा.'' त्यांच्यापुढे मी काय बोलणार? पुनर्विकासात मिळालेले तीनशे चौरस फुटांच्या आसपासचे, संडास-न्हाणी आत असलेले घर ही त्यांची कमाई आहे. प्रश्न त्या घराच्या दाराबाहेरचा आहे. जुन्या चाळीत दाराबाहेर गॅलरी होती, नव्या इमारतीत लिफ्टची वाट बघण्यापुरती जागा आहे. नियमावलीत प्रत्येक घरामागे किती मोटारी उभ्या राहाव्यात याचा तक्ता असतो. तालमीच्या खोलीचा तक्ता नसतो.

तरीही गिरणगाव गप्प बसलेले नाही, हे आषाढ-श्रावणात परळला जाऊन पाहावे. गणेशमूर्तींचे कारखाने हा या भागातला आजचा सर्वांत मोठा कलाव्यवसाय असावा. लाकडी सांगाडे, काथ्या, माती, प्लॅस्टर, रंगाच्या पिचकाऱ्या, आणि मूर्तीच्या खांद्यावर उभे राहून डोळे रेखणारा कारागीर. 'आखणी' हा त्याचा शब्द. डोळ्यांच्या आखणीचे मोल निराळे. मूर्ती निघते त्या दिवशी बेंजो पार्ट्या वाजतात. बेंजो, ढोलकी, कच्छी ढोल, वर ट्रम्पेट. ही वाद्ये वाजवणारी पोरे कुठल्या अकादमीत शिकलेली नाहीत. आगमनाच्या सोहळ्यांना सारी मुंबई लोटते, पोरे मोबाइल आणि कॅमेरे घेऊन खांबांवर चढतात. हे सगळे ज्या मंडपांत घडते ते मात्र तात्पुरत्या परवानगीचे. दर वर्षी अर्ज, दर वर्षी शुल्क, दर वर्षी मोकळा भूखंड शोधणे, आणि मोकळे भूखंड कमी होत चाललेले. या कारागिरांना कोणी 'सर्जनशील वर्ग' म्हणत नाही. रिचर्ड फ्लोरिडा यांनी २००२ च्या आपल्या पुस्तकातून तो शब्द रूढ केला आणि जगभरच्या महापौरांनी तो उचलला; २०१७ च्या पुस्तकात त्यांनाच अशा यशस्वी शहरांत विषमता वाढल्याची कबुली द्यावी लागली. आपल्याकडे शब्द आला, कबुली अजून वाटेत आहे.

दक्षिण टोकाला ससून गोदीत २०१७ मध्ये एक कला प्रदर्शन भरले होते. ही गोदी १८७५ ची, काळा घोडा देणाऱ्या अल्बर्ट ससून यांचीच. ओस पडलेल्या गोदामांत मांडण्या, भिंतींवर मासेमारी करणाऱ्या माणसांची मोठमोठी चित्रे. एरवी तिथल्या वासाने नाक दाबणारे लोक रांगा लावून आले. मला ते प्रदर्शन आवडले. कोळणींना आपले तोंड भिंतीवर बघून झालेला आनंदही खोटा नव्हता. प्रदर्शन मिटले, बर्फाचे, डिझेलचे, कोळंबी सोलायच्या मजुरीचे भाव होते तिथेच राहिले. पाहुणी कला एवढेच करू शकते आणि तिने तेवढे केले तरी पुरे. तिच्याकडून वस्ती जगवण्याची अपेक्षा ठेवणे ही तिच्यावरही जबरदस्ती आहे.

वस्ती जगवण्यासाठी काय लागते याचे उत्तर गिरणगावच्या इतिहासातच आहे आणि ते काही फार खर्चिक नाही : संध्याकाळी सात ते दहा उघडी असणारी, नाममात्र भाड्याची, आवाज सहन करणारी खोली. दामोदर नाट्यगृह २०२३ च्या अखेरीस पुनर्बांधणीसाठी बंद झाले तेव्हा नाट्यकर्मी रस्त्यावर आले. त्यांची चिंता हीच होती की नाट्यगृह परत कधी मिळणार आणि केवढे मिळणार. ते मोठे उदाहरण आहे. लहान खोल्यांसाठी रस्त्यावर कोणी येत नाही. या भागातल्या महापालिकेच्या मराठी शाळांत पटसंख्या घटली आहे, वर्ग रिकामे पडले आहेत. दिव्यांची, पाण्याची, पहारेकऱ्याची सोय तिथे आधीच आहे. कामगार कल्याण केंद्रांचे वेळापत्रक, नव्या टॉवरांत 'क्लब हाउस' म्हणून बांधलेली आणि पुनर्वसनाच्या इमारतीतल्यांना बंद असलेली दालने, हीही पाहता येतील. काळा घोड्याला जे सहज मिळाले होते, म्हणजे ज्या जागेचे भाडे वाढवायला मालकच टपलेला नाही अशी जागा, ते इथे ठरवून द्यावे लागेल. नियमात एक ओळ घालून.

मी एका पुनर्वसित इमारतीत गेले वर्षभर गुरुवारी जातो. तिथले भजनी मंडळ चाळीपासूनचे आहे. म्हातारे सहा-सात उरले, पण चार कॉलेजातली मुलेही येतात आणि त्यांतली एक मुलगी पखवाजावर बसते. चाळीत असताना कुणी बसू दिले नसते, असे तिचे आजोबाच सांगतात. भजन होते पहिल्या मजल्यावरच्या पार्किंगमध्ये, दोन मोटारींच्या मधल्या रिकाम्या चौकटीत. त्या चौकटीचा मालक गुरुवारी उशिरा येतो म्हणून गुरुवार. मध्येच एखादी गाडी आली की सगळे उठतात, सतरंजी गोळा करतात, गाडी लागली की पुन्हा पसरतात. तेवढा वेळ बुवा अभंग हातात धरून उभे. शेजारच्या शाळेतला एक वर्ग आठवड्यातून एक दिवस मिळावा म्हणून मंडळाने अर्ज केला होता. अर्जात संस्थेचा नोंदणी क्रमांक मागितला आहे. मंडळ सत्तर वर्षांचे आहे, नोंदणी कधी केलेली नाही. ती करायची तर संस्थेच्या कार्यालयाचा पत्ता लागतो, आणि पार्किंगच्या चौकटीचा पत्ता कोणी मान्य करत नाही. सध्या पेटी वॉचमनच्या केबिनमध्ये असते.